दोन युद्धनौकांच्या मधली दुपार

तुमच्या सदरात येणारे अनुभव मी नियमानं वाचतो. कोणाला कोहमाऱ्याच्या फाट्यावर पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते, कोणाला नागझिऱ्याच्या वाटेवर चकवा लागतो... वाचतो आणि हसतो. रागावू नका, पण गावात कोणाच्या अंगात आलं तर 'त्याच्या तोंडावर गार पाणी मारा' असं सांगणारा मी माणूस. आजही तेच सांगतो.

तरी हे लिहितो आहे. कारण माझ्या बाबतीत जे झालं ते रात्री नाही, जंगलात नाही. भर दुपारी, भर समुद्रात, तीन जहाजांवरच्या माणसांच्या देखत झालं. ते खोटं म्हणायला मला आजवर जागा सापडली नाही.

मी सौंदडचा. सौंदडचा माणूस आणि समुद्र, म्हटलं की लोक आधी हसतात. आमची घरं पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांची, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती एवढंच. मी आणि माझा मावसभाऊ शिवराम एकाच आंगणात वाढलो. आमच्या नादाची जागा म्हणजे रेल्वे स्टेशन. तिथले तारबाबू गोंदियाकडचे, हिंदी बोलणारे, एकटे राहणारे. त्यांना बोलायला माणूस हवा होता, आम्हाला तार शिकायची होती. वर्षभरात आम्ही दोघं तारेची भाषा वाचायला लागलो. रेल्वेच्या यंत्रात नुसती टकटक असते, त्या दोन टकांमधल्या अंतरावरून अक्षर ओळखायचं. शिवरामला एक खोड लागली ती तिथंच. त्या जुन्या खटक्याची स्प्रिंग कडक होती, तो प्रत्येक शब्दाची शेवटची खूण दाबूनच धरायचा. तारबाबू ओरडायचे, "अरे छोड, छोड!" पण ती खोड काही गेली नाही.

लढाई लागली तेव्हा तारेची भाषा येते म्हणून आम्हा दोघांना नेव्हीत सिग्नलच्या कामाला घेतलं. दिवा उघडझाप करून त्याच भाषेत निरोप पाठवायचा, समोरच्या जहाजाचा वाचायचा. या कामात एक गोष्ट कळते — प्रत्येकाचा हात वेगळा असतो. अक्षर पाहून माणूस ओळखावा तसा दिव्यावरून ओळखता येतो. शिवरामचा दिवा मी पन्नासांत ओळखला असता.

लढाई संपली, आम्हाला सोडून दिलं. देश स्वतंत्र झाला त्यानंतर आम्ही मुंबईला जाऊन एका मालवाहू कंपनीत सुकाणी म्हणून लागलो. सुकाणी म्हणजे जहाजाचं चाक धरणारा. कंपनीचं नाव लिहीत नाही.

चारेक वर्षं बरी गेली. मग कलकत्त्याहून तागाच्या गाठी भरून निघालो असताना खालच्या, मालाच्या कोठीतून धूर यायला लागला. तेव्हा सेकंड मेट, म्हणजे कॅप्टनखालचा दुसरा अधिकारी, असलेल्या साहेबानं शिवरामला बोलावून घेतलं. त्याचं नाव मी घेणार नाही, आमच्यात त्याला नुसतं मेटसाहेब म्हणत. त्याच्या दारूच्या चोरट्या पेट्या त्या गाठींमध्ये दडवलेल्या होत्या, हे अर्ध्या जहाजाला माहीत होतं. आग विझवायला कॅप्टन खाली उतरायच्या आत त्याला त्या बाहेर काढायच्या होत्या. शिवराम खाली उतरला. मी कोठीच्या तोंडाशी उभा होतो. धूर एकदम दाट झाला तसा मेटसाहेब म्हणाला, "फळ्या टाका. ताडपत्री ओढा."

मी म्हणालो, "साहेब, शिवराम खाली आहे."

"तो मघाशीच वर आला."

"नाही आला साहेब. मी इथंच आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खलाशांकडे पाहिलं आणि हातानं खूण केली. फळ्या पडल्या. खुंट्या ठोकल्या. मग खालून टकटक आली... घाबरलेला माणूस धडाधड मारतो तशी नाही. मोजून मारलेली. सौंदडच्या स्टेशनावर ऐकायचो तशी. मला ती वाचता आली. 'दया, उघड.' माझं नाव दयाराम. 'दया, उघड. उघड.' दोघांनी मला धरून ठेवलं होतं. बंद केलेली कोठी उघडली तर हवा लागून सगळं जहाज पेटतं, हे मलाही माहीत होतं. टकटक किती वेळ चालली ते सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी कोठी उघडली. मेटसाहेबानं कॅप्टनला सांगितलं, हा चोरून दारू प्यायला उतरला, बिडी ओढली, त्यानंच आग लागली. प्रेताशेजारी पेट्या होत्याच. मी माझी जबानी दिली, ती कोणी लिहून घेतली नाही. शिवराम सुपारीच्या खांडालाही शिवत नव्हता. त्याला कापडात गुंडाळून समुद्रात सोडलं आणि कंपनीचं पत्र मावशीच्या घरी गेलं — तुमच्या मुलाच्या नशेमुळे जहाजाचं नुकसान झालं.

मी घरी पोचलो तेव्हा मावशीनं ते पत्र तारबाबूंकडून वाचून घेतलेलं होतं. मी तिला सगळं खरं सांगितलं. ती रडली नाही. तांदूळ पाखडत होती, सूप खाली ठेवलं.

"तो मानूस कोटी हाये आता?"

"जहाजावरच आहे मावशी. बढती मिळाली त्याला."

"मंग तू इतं कायले आला?"

मी दारातच खाली बसलो.

"माह्या पोराले झाकून मारलन अना दारुड्या म्हनते. अना तू मले सांगाले येऊन रायला? जा. त्याच्याच जहाजावर जा. तो जित्ता हाये तवर त्याच्या पाठीमांगं राय."

मी गेलो.

त्यानं मला पुन्हा घेतलं याचं नवल वाटेल. मला वाटतं, मला डोळ्यासमोर ठेवणं त्याला बरं वाटत असावं. आता तो चीफ मेट, कॅप्टनच्या खालोखाल होता, कॅप्टन नवा आला होता. दोन वर्षं मी चाक धरून उभा राहिलो आणि तो माझ्या मागे फेऱ्या मारत राहिला. त्याच्या बुटांचा आवाज मला झोपेत ऐकू यायचा. एकदा तो म्हणाला, "तुझा तो दारुड्या भाऊ होता ना, चाक तुझ्यापेक्षा बरं धरायचा." मी "हो साहेब" म्हणालो. एकदा तो कठड्यावरून पार खाली वाकून काहीतरी पाहत होता, आसपास कोणी नव्हतं. माझा हात पुढे गेला आणि मागे आला. दया आली म्हणून नाही. इतक्या पटकन तो मेला असता तर त्याला कळलंही नसतं, कोणासाठी गेला ते. मला त्याला कळायला हवं होतं. हे मी आज लिहितो आहे, तेव्हा स्वतःशीसुद्धा असं स्पष्ट म्हणत नव्हतो.

आता त्या दुपारचं सांगतो.

आम्ही पूर्वेकडच्या समुद्रात होतो. जमीन कुठंच दिसत नव्हती. त्या भागात तेव्हा दोन सरकारांचं हाडवैर चाललेलं होतं, कोणती ते जाणकारांनी ओळखावं. जेवणाच्या आधी उत्तरेकडून एक करड्या रंगाची युद्धनौका आली आणि दिव्यानं निरोप दिला, 'इंजिन बंद करा. माल तपासायचा आहे.' लढाईतलं काम मला येत होतं म्हणून कॅप्टन सिग्नलला मलाच उभं करायचा. मी एकेक अक्षर मोठ्यानं बोलायचो, थर्ड मेट वहीत उतरवून घ्यायचा. हा थर्ड मेट मंगळूरकडचा, नुकताच लागलेला अधिकारी. आम्ही इंजिन बंद केलं.

अर्ध्या तासात पूर्वेकडून दुसरी आली. तिचा निरोप — 'हा खुला समुद्र आहे. त्यांना हक्क नाही. पुढे चला.'

पहिलीनं लगेच कळवलं, 'हललात तर गोळी घालू.'

दुसरीनं तोफा फिरवल्या. पहिलीनंही फिरवल्या. दोघींच्या तोफा एकमेकींवर आणि बरोबर मधे आम्ही. तोफांची तोंडं फिरतात तेव्हा पाण्यावरून एक घरघर ऐकू येते, ती मी लढाईतही इतक्या जवळून ऐकली नव्हती. समुद्र तेलासारखा सपाट. वारा नाही. तीन तास झाले. कोणी जेवलं नाही, कोणी बसलं नाही. दोघींचे दिवे एकमेकींशी बोलत होते, ते मी वाचत होतो, आणि दर निरोपागणिक भाषा तिखट होत होती. कॅप्टनचा चेहरा पांढरा पडला होता. मेटसाहेब त्याच्या बाजूला उभा होता.

तेवढ्यात पहिल्या युद्धनौकेवर आणखी एक दिवा लागला.

सिग्नलचा दिवा वर असतो, कप्तानाच्या जागेजवळ. हा खाली होता. मागच्या बाजूला, अगदी पाण्यालगत. तिथं माणूस उभा राहील अशी जागा मला दिसत नव्हती. पण दिवा स्वच्छ होता. सवयीनं मी अक्षरं बोलायला लागलो, "डी... ए... वाय... ए." शेवटची खूण लांबली. नको तितकी लांबली.

थर्ड मेट म्हणाला, "बोल ना, पुढे?"

"टी. वाय. ए. एल. ई." थोडं थांबून, "पी. ए. टी. एच. ए. व्ही."

दया. त्याले पाठव.

विदेशी युद्धनौका, हजारो मैलांवरचा समुद्र आणि आमच्या गावची बोली. आणि हात शिवरामचा. तोच कडक स्प्रिंगवर बसलेला हात. मला शंका आली असती तर बरं झालं असतं, पण आली नाही. अक्षर ओळखीचं असलं की आपण पत्राच्या खालचं नाव कुठं वाचतो?

कॅप्टननं वही ओढून घेतली. "ही काय भाषा? गुप्त लिपी आहे?"

माझ्या मागे बुटांचा आवाज झाला, मेटसाहेब वाकून वही पाहत होता. त्या एका क्षणात दोन वर्षं माझ्या डोक्यात चढली.

मी म्हणालो, "हिंदुस्थानी आहे साहेब. त्यांच्याकडे कोणी आपल्याकडचा माणूस असावा. ते म्हणतात, चीफ मेटला पाठवा. कागदपत्रं घेऊन."

कागदपत्रांचं मी घातलं. बाकीचं खोटं नव्हतं.

कॅप्टनला बुडत्याला हात मिळावा तसं झालं. तीन तासांत कोणीतरी बोलायला तयार झालं होतं. त्यानं लगेच बोट सोडायला सांगितली. मेटसाहेबाला जायचं नव्हतं, पण सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. खलाशांचे मुकादम, तांडेल करीमचाचा आणि तीन खलाशी वल्ह्यांवर बसायला निघाले. करीमचाचांना त्या बोटीत जाऊ देणं मला बरं वाटेना. कोठीच्या तोंडाशी मला ज्या दोघांनी धरलं होतं त्यांतले ते एक, आणि नंतर महिनाभर माझ्या शेजारी निजणारेही तेच. मी कॅप्टनला म्हणालो, "मला भाषा येते, मीही जातो."

"जा," तो म्हणाला.

मी जिन्याकडे वळलो आणि दिवा पुन्हा लागला. या वेळी मी मोठ्यानं वाचलं नाही. 'तू नोको येऊ.'

मी परत फिरलो. म्हणालो, "साहेब, सिग्नलवाल्याला इथंच ठेवा म्हणतात." आणि करीमचाचांना जाऊ दिलं. या साऱ्यात मला टोचत असेल तर एवढंच टोचतं.

बोट निघाली. दोन्हीकडच्या तोफांच्या मधून ती लहानशी बोट जाताना सगळे श्वास धरून पाहत होते. अर्ध्या वाटेवर वल्ही थांबली. मेटसाहेब उभा राहिला. त्यानं पायाखाली पाहिलं. मग खाली बसला, काठावरून वाकला, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले... आणि गेला. ढकलल्यासारखा नाही, घसरल्यासारखाही नाही. माणूस विहिरीत उतरतो तसा डोकं पुढे करून सरळ आत गेला. त्या सपाट पाण्यावर साधा बुडबुडाही आला नाही. टोपी मात्र तरंगत राहिली.

लगेच पहिल्या युद्धनौकेवरचा वरचा, खरा दिवा लागला. 'बोट कशासाठी पाठवली? आम्ही बोलावली नव्हती.'

पुढे झालं ते कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. दोन्ही युद्धनौकांनी आपापल्या बोटी सोडल्या आणि ते एकमेकांचे वैरी तासभर त्याच पाण्यात एका परक्या माणसाला शोधत राहिले. बोटी मधे असताना तोफा रोखून ठेवता येईनात. तोंडं वळली. ऊन कलल्यावर पहिलीनं आम्हाला कळवलं, 'जा.' दुसरीनं काहीच कळवलं नाही. आम्ही गेलो. मेटसाहेब सापडला नाही.

करीमचाचा बोटीतून वर आले. मी त्यांना एका बाजूला घेतलं.

"नीचे से आ रही थी आवाज," ते म्हणाले. "तख्ते के नीचे से. कोई ठोक रहा था. हम चारों ने सुना. साहब पसीने में नहा गया. बोलता था, खोलता हूँ, खोलता हूँ. फिर पानी में हाथ डाला, जैसे ढक्कन उठा रहा हो."

"चाचा, कैसे ठोक रहा था?"

त्यांनी बोटानं लाकडी कठड्यावर वाजवून दाखवलं. त्यांना तार येत नव्हती, नुसता ताल लक्षात राहिला होता. मी ऐकलं आणि म्हणालो, पुन्हा वाजवा. त्यांनी पुन्हा वाजवलं. तेच निघालं. उघड.

दुसऱ्या दिवशी थर्ड मेट वही घेऊन माझ्याकडे आला. पहिल्या चार अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला, "हे तुझं नाव आहे ना?"

"हो साहेब."

त्यानं वही मिटली आणि तो गेला. पुढे मी उतरेपर्यंत तो माझ्याशी कामापुरतं बोलला, एकटा असताना कधीच बोलला नाही.

लोकांनी मला पुष्कळ कारणं दिली आहेत. नेव्हीतले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, लाटेवरचं ऊन असेल, तीन तास उपाशी उभं राहिलं की डोळे खेळ करतात. समुद्र सपाट होता, आणि दिवा थर्ड मेटनंही पाहिला होता. त्या जहाजावर आपल्याकडचा माणूस असेल म्हणावं, तर त्याला माझं नाव कसं ठाऊक, मेटसाहेब कसा ठाऊक? आणि चौघांनी ऐकलेली ती टकटक? डॉक्टर म्हणाले, अपराध मनात असला की माणसाला असं होतं. मेटसाहेबाच्या मनात असेलही. पण करीमचाचा सोडले तर बाकीच्या तीन खलाशांच्या मनात कोणता अपराध होता?

मी गावी आलो तेव्हा भाताची रोवणी चालू होती. मावशी बांधीत, भाताच्या खाचरात, गुडघाभर चिखलात उभी होती. मी शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून सगळं सांगितलं. ती हातातल्या रोपांचे परे चिखलात खोचता खोचता ऐकत होती.

"त्याले भेव लागला?"

"लागला मावशी. घामानं न्हाला होता म्हणतात."

"बोंबलला?"

"नाही."

"बोंबलाले पायजे होता थोडा," ती म्हणाली आणि पुन्हा वाकली. मग म्हणाली, "पयल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं. तिनं चारदा सांगायला लावलं, आणि दरवेळी तो पाण्यात हात घालतो तिथं ती थांबून माझ्याकडे पाहायची. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी समाधानच म्हणेन. माझ्याही होतं. मला त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आज वाटते असंही लिहिणार नाही.

चौथ्यांदा सांगून झाल्यावर ती सरळ उभी राहिली. चिखलाचा हात लुगड्याला पुसला.

"अना माह्यासाठी काय बोलला शिवा?"

मी धुऱ्यावरून उठलो.

"मायचं नाव घेतलं असन न. दिवा होता, तू होता. आंगं-मांगं काई तं बोलला असन."

खोटं सांगता आलं असतं. कॅप्टनला सांगितलंच होतं. पण तिच्यापुढे जीभ वळली नाही. म्हणालो, "नाही मावशी. तेवढंच बोलला."

तिनं मान हलवली, रोपांची दुसरी जुडी उचलली, तिची गाठ सोडली आणि पुन्हा रोवायला लागली. त्यानंतर ती आणखी बरीच वर्षं जगली, पण ती हकिगत तिनं मला पुन्हा कधी सांगायला लावली नाही.

दिवा कोणी धरला होता, हे मला माहीत नाही. माहीत असलेला माणूस मला भेटला नाही. पण रिकामा बसलो की मी त्यावर विचार करत नाही. माझ्या मनात येतं ते वेगळंच — इतक्या लांबून आला, आमच्याच बोलीत बोलला, मला बोटीत बसू दिलं नाही एवढी माझी काळजी केली... आणि आईसाठी चार अक्षरं का नाही?